१७०७: स्कॉटलंडने आपली पार्लमेंट मोडली ती जकातीपायी?

खतावणी:
इंग्लंड-स्कॉटलंडच्या एकीकरणाची गोष्ट आपण राजघराणी आणि धर्म यांच्या अंगाने वाचतो. मला त्यात जकातनाका दिसतो. त्या काळी पक्की समजूत अशी, की जगाचा व्यापार म्हणजे ठरावीक आकाराची भाकरी; शेजाऱ्याने जास्त तोडली की आपल्या पानात कमी. हाच व्यापारवाद. १६६० च्या नौकानयन कायद्याने इंग्लंडने वसाहतींचा व्यापार स्वतःकडे राखला. राजा दोघांचा एकच, तरी स्कॉटिश जहाज परकं!

मग स्कॉटांनीही तीच वाट धरली. १६९५ ला कंपनी काढली, ४ लाख पौंडांच्या वर्गणीचे आकडे घातले गेले आणि १६९८ ला पनामाच्या डॅरिएनमध्ये वसाहत. ताप, उपासमार, वर स्पॅनिश वेढा. आसपासच्या इंग्रज वसाहतींना हुकूम होता, यांना मदत करू नका. १७०० मध्ये गाशा गुंडाळला. १७०५ च्या एलियन कायद्याने इंग्लंडने गळाच धरला: बोलणीला बसा, नाहीतर तुमची गुरं, लिनन, कोळसा आमच्याकडे बंद. आता एकीकरणाचा करार बघा. चौथं कलम खुल्या व्यापाराचं, पंधरावं इंग्लंडने स्कॉटलंडला द्यायच्या ३,९८,०८५ पौंड १० शिलिंगांचं. शिलिंगसुद्धा सोडले नाहीत.

उलटतपासणी:
हे झालं स्कॉटलंडचं. इंग्लंडला काय हवं होतं? दोन्ही देशांच्या तेव्हाच्या राणी अ‍ॅनचं एकही मूल जगलं नाही. इंग्लंडने १७०१ मध्येच गादी जर्मनीतल्या हॅनोव्हर घराण्याकडे जाईल असं ठरवलं. स्कॉटलंड म्हणालं, आमचा वारस आम्ही ठरवू. फ्रान्सशी युद्ध चालू, गादीवर हक्क सांगणारा स्टुअर्ट घराण्यातला दावेदार फ्रान्सच्या आश्रयाला. उत्तरेचं दार उघडं राहील ही धास्ती होती. जकात हे हत्यार होतं, हेतू नव्हे.

खतावणी:
मान्य. पण नेमकं तेच हत्यार का चाललं? सैन्य न पाठवता गुरांचा बाजार बंद करण्याच्या धमकीवर देश बोलणीला बसतो, यातच सगळं आलं.

चहाटळ:
लंडनहून गुपचूप आलेले २० हजार पौंड विसरलात का? काही स्कॉटिश पुढाऱ्यांच्या थकलेल्या पगारापोटी म्हणे. आपल्याकडे याला काय म्हणतात ते सांगायला नको.

उलटतपासणी:
शिवाय खुल्या व्यापाराने लगेच कुणाचं भलं झालं? १७२५ मध्ये माल्टवरच्या (बिअरसाठी मोड आणलेल्या बार्लीवरच्या) करापायी ग्लासगोत दंगल पेटली. तिथल्या तंबाखूवाल्यांची खरी चलती व्हायला १७४० चं दशक उजाडलं.

काळाघोडा:
मुंबईकर म्हणून एक पदरचं घालतो. १७०४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने स्कॉटिश कंपनीचं 'अ‍ॅनंडेल' जहाज इंग्लंडच्या किनाऱ्यावर जप्त करवलं होतं. पुढे त्याच ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत मुंबईचे गव्हर्नर कोण? एल्फिन्स्टन, त्यांच्यामागून माल्कम. साताऱ्याला ग्रँट डफ. तिघेही स्कॉट. बाहेर अडवलेले आत घेतले गेले.

उलटतपासणी:
शंभर वर्षांनंतरची फळं दाखवू नका हो. १७०७ मध्ये मत देणाऱ्याला एल्फिन्स्टन कुठे दिसत होता?

खतावणी:
त्याला डॅरिएनमध्ये बुडालेले स्वतःचे पैसे दिसत होते. पंधराव्या कलमात ते ५ टक्के व्याजासकट परत द्यायचं लिहिलंय.

उलटतपासणी:
आणि त्याच कलमात ती स्कॉटिश कंपनी कायमची बंद करायचंही लिहिलंय. तेवढं वाक्य बरं गाळलंत!