भंडारदरा मुक्काम: तलावाची सायकल फेरी आणि रतनगड, दोन्ही एकाच दिवसात जमेल का?

डोंगरवाट_पुणे

नमस्कार मंडळी. जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी आम्ही तिघं भंडारदऱ्याला तंबूत राहायला जातोय. मी, नवरा आणि आठवीतला मुलगा. शुक्रवारी रात्री पोहोचणार, मुक्काम धरणाजवळच्या शेंडी गावापाशी, पाण्याच्या बाजूला, रविवारी जेवून परत. म्हणजे पूर्ण दिवस हातात एकच, शनिवार.

सायकली गाडीच्या मागे लावून आणतोय. आम्हा दोघांच्या हायब्रिड, मुलाची गिअरची एमटीबी. मुलगा तीस-पस्तीस किलोमीटर न कुरकुरता मारतो. सिंहगड, राजगड, तोरणा तिघांचेही झालेत. रतनगड कुणीच पाहिलेला नाही.

मनात असं आहे: पहाटे निघून मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद करत रतनवाडीला यायचं, गड चढून उतरायचं आणि कोलटेंभे, मुतखेलकडून शेंडीला परत. तलावाला पूर्ण फेरी होते. नवरा म्हणतो फार होईल. मुलाला गडावरच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, बसायचं आहे, फोटो पाहिल्यापासून त्याचा तोच घोष चालू आहे. कुणी केलंय का असं? आणि शिड्या कशा आहेत? मला उंचीची थोडी धास्ती वाटते.

चाक_आणि_चहा

मी नाशिकचा. नुसती फेरी दोनदा केली आहे. अंतर पन्नासच्या आत-बाहेर, पण आकड्यावर जाऊ नका. तलावाकाठचा रस्ता म्हणजे सपाट असेल असं वाटतं, तसा तो नाही. प्रत्येक ओहोळापाशी खाली उतरतो आणि लगेच वर चढतो. घाटघरच्या बाजूला डांबर मध्येच संपतं, मग खडी. आम्ही चौघं, सगळे सराव असलेले, थांबत थांबत साडेपाच तास लागले. त्यात गड बसवू नका. घाटघरच्या कोकणकड्यावर तासभर बसणं हेच फेरीचं सुख आहे, ते घाईत वाया जाईल.

पाटकडेचा

ताई, तुमचा बेत मी जसाच्या तसा केला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी थोडं माझं सांगतो, कारण त्याशिवाय मी या तलावाकडं वर्षातून तीनदा का जातो ते कळणार नाही. आमचं घर श्रीरामपूर तालुक्यात, पाटाच्या शेपटाला. लहानपणी घरात दोनच बातम्या महत्त्वाच्या असायच्या, धरण किती भरलं आणि आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाटाला सोडायचं पाणी, कधी सुटणार. धरणात मावणाऱ्या पाण्याचा ११ टीएमसी (अब्ज घनफूट) हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. रात्री दोनला पाटकऱ्याची हाक आली की वडील कंदील घेऊन बारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायचे, मागून मी. ते पाणी 'भंडारदऱ्याहून' येतं एवढंच ठाऊक होतं. भंडारदरा पहिल्यांदा पाहिला तो चोवीसाव्या वर्षी, सायकलवरून. ओझरच्या बंधाऱ्यापासून आमचे पाट निघतात, तिथून प्रवरा नदी धरत वर गेलो होतो.

तर फेरी आणि गड. मी आणि धाकटा भाऊ डिसेंबरात गेलो. दोघंही तिशीच्या आतले, शेतातल्या कामाची अंगं. पहाटे शेंडीहून घाटघरकडून सुरुवात केली. घाटघरला कड्यावर रेंगाळलो, साम्रदला पोहे खाल्ले, रतनवाडी गाठायला साडेअकरा झाले. गड चढलो, उतरलो तेव्हा पाच. सूर्य डोंगराआड गेलेला. दिवे आणले नव्हते, कारण उजेडात पोहोचू असा हिशेब होता. कोलटेंभ्याच्या पुढं भावाच्या मांडीत असा गोळा आला की तो रस्त्यावरच आडवा झाला. गड उतरताना मांड्या पूर्ण निघालेल्या असतात, ते चालताना कळत नाही, पायडल मारायला लागलं की कळतं. अंधार, जंगलाचा रस्ता, आणि मी त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजत, पाय चोळत बसलेलो. शेवटी दुधाचा टेम्पो आला, त्या भल्या माणसानं सायकलींसकट शेंडीला सोडलं. पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून मी कुणालाही सांगतो, फेरी सोडा. रतनवाडीला दक्षिणेच्या, मुतखेल-कोलटेंभ्याच्या रस्त्यानं जा आणि त्याच रस्त्यानं या. जायला अठरा-वीस किलोमीटर, यायला तेवढेच. मधे गड. तिघांचाही दिवस पूर्ण भरतो आणि मुलगा नेढ्यात निवांत बसतो.

वेळ अशी धरा. सव्वासहाला निघा, पुढं-मागं दिवे लावून. थंडी फार असते, बोटं ब्रेकवर आखडतात, तेव्हा हातमोजे हवेतच. पहिला तासभर पाण्यावर धुकं असतं आणि ते तुमच्या शेजारून चालतं. बोलू नका तेव्हा, नुसती सायकल चालवा. आठपर्यंत रतनवाडी. अमृतेश्वरापाशी सायकली लावा, मंदिर मात्र परतताना बघा. साडेआठला चढायला लागलं तर साडेअकराला वर. शनिवारी शिड्यांपाशी रांग लागते, दहाच्या आत शिडी गाठली तर वाट बघावी लागत नाही.

शिड्या लोखंडी आहेत, दोन, कठडा धरायला आहे. धास्ती वाटत असेल तर मधे तुम्ही राहा, वर मुलगा, खाली नवरा. नजर समोरच्या दांडीवर ठेवा. शिडी संपली की गणेश दरवाजा, पुढं गुहा. खरी जपायची जागा शिडी नाही, नेढ्याजवळचा घसारा आहे. तिथं मुलाला पळू देऊ नका. नेढ्यात वारा असा येतो की टोपी राहत नाही. एका अंगाला कळसूबाई आणि अलंग-मदन-कुलंग, दुसरीकडं कोकण. आणि तलाव सगळा एका नजरेत. मी पहिल्यांदा तिथं बसलो तेव्हा वडिलांना फोन लावला होता. रेंज होती, नव्हती. मी म्हटलं, दादा, आपलं पाणी दिसतंय. ते म्हणाले, किती आहे? बाकी काही विचारलं नाही त्यांनी.

एकला उतरायला लागा. तीनला खाली. आधी गावात जेवण सांगून ठेवा, नागलीची भाकरी आणि पिठलं. जेवल्यावर अर्धा तास तरी पाय पसरून बसा. मग मंदिर आणि पुष्करणी बघा, पुष्करणीच्या कोनाड्यांतल्या विष्णूच्या मूर्ती मुलाला दाखवा. चारच्या आत सायकलवर. परतीला हलका गिअर, चढावर उभं राहून पायडल मारायचं नाही. उतरून सायकल हातात धरून चाललात तरी चालेल, उजेड पुरतो.

तंबूबद्दल एक. पाण्याच्या काठावर मातीत आडवे पट्टे दिसतील, पायऱ्यांसारखे. पाणी उतरत जातं तशा त्या खुणा राहतात. रब्बीचं आवर्तन चालू असेल तर काठ रोज मागं सरकतो आणि मधे राहते ती ओली गाळाची पट्टी. वरून वाळलेली वाटते, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. तंबू वरच्या घट्ट जमिनीवर लावा आणि मुलाला पोहायला उतरू देऊ नका, काठापासून दोन पावलांवर खोली एकदम वाढते.

डोंगरवाट_पुणे

दादा, इतकं मनापासून लिहिलंत, मुलाला मोठ्यानं वाचून दाखवलं. फेरी रद्द. दोन शंका: सायकली पाच-सहा तास मंदिरापाशी नुसत्या कुलपावर राहतील का? आणि गडावर वाट चुकायची शक्यता किती?

शेंडीवरून

मी इथलाच. सायकली उघड्यावर लावू नका ताई, चोरीसाठी नाही, माकडांसाठी. सीटखालची पिशवी फाडतात, खाऊचा वास आला की सोडत नाहीत. ज्या घरी जेवण सांगाल त्यांच्याच ओट्यावर लावा.

वाट जंगलात आहे, ओढा बऱ्याचदा ओलांडावा लागतो. पुढे फाटा आहे, तिथून एक वाट कात्राबाईच्या खिंडीकडे, हरिश्चंद्रगडाला जाते. तिकडे गेलेली माणसं आम्ही दरवर्षी शोधून आणतो. गावातला एखादा मुलगा वाटाड्या म्हणून घ्या. त्यालाही चार पैसे मिळतात, तुम्हालाही झाडं-पाखरं कळतात. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, तेव्हा जंगलात चूल-शेकोटी नको आणि प्लास्टिक खाली परत आणा. त्र्यंबक दरवाज्यानं साम्रदकडे उतरायची हौस करू नका, सायकली रतनवाडीत राहतील.

रंधा धबधबा रविवारी बघायचा म्हणाल तर धरणातून पाणी सोडलेलं असेल तरच जा. आणि भंडारदऱ्याच्या या विल्सन धरणाची भिंत १९२६ साली पूर्ण झाली, दगडी बांधकाम आहे, तिच्या खालच्या अंगाला जाऊन वर बघा. आमच्या आज्याच्या पिढीनं आपली भातखाचरं या पाण्याखाली दिली. पाटकडेचे दादा, तुमच्याकडं ऊस उभा राहिला तो त्यावर.

पाटकडेचा

खरं आहे. आमच्याकडं हे फार कमी जण बोलतात, बोलायला पाहिजे. पुढच्या वेळी शेंडीला आलो की तुम्हाला भेटल्याशिवाय जाणार नाही.

डोंगरवाट_पुणे

जाऊन आलो. उशिरा लिहितेय, मुलाची चाचणी परीक्षा होती.

निघायला सातच वाजले, कारण तंबू आतून दवानं गळत होता आणि मुलाचे मोजे ओले झाले. त्यामुळे शिडीपाशी रांग लागलीच, चाळीस मिनिटं. मधे मी, वर मुलगा, खाली नवरा, अगदी तसंच केलं. दुसऱ्या शिडीवर मी एकदा थांबले, डोळे मिटले, मग वरून मुलगा म्हणाला, आई, फक्त सात दांड्या राहिल्या. त्यानं मोजल्या होत्या.

नेढ्यात तो वीस मिनिटं गप्प बसला. तेरा वर्षांत एवढा वेळ गप्प मी त्याला पाहिलेला नाही. वाटाड्या पोरगा त्याच्याच वयाचा, नववीतला. दोघांनी उतरताना एकमेकांना पाखरांचे आवाज शिकवले.

परतीला मुतखेलच्या अलीकडे नवऱ्याचा गुडघा धरला. तो आणि मी चार किलोमीटर सायकली हातात धरून चाललो, मुलगा पुढे जाऊन थांबायचा, परत यायचा. तंबूपाशी पोहोचलो तेव्हा पाण्यावर शेवटचा उजेड होता. सकाळी तंबूसमोर रोवलेल्या काठीपासून पाणी हातभर मागे गेलेलं मुलानं दाखवलं. आवर्तन चालू होतं.

दादा, तुमच्याकडे पोहोचलं का ते पाणी?

पाटकडेचा

पोहोचलं. मंगळवारी रात्री अडीचला आमची पाळी आली. गव्हाला दिलं.