हिऱ्यातून एक्स-रेचा सेकंड हार्मोनिक निघतोच कसा?

एमएस्सी_फिजिक्स: आमच्या लॅबमध्ये १०६४ नॅनोमीटरचा लेसर केटीपी क्रिस्टलमधून सोडला की ५३२ चा हिरवागार ठिपका पडतो, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीचा प्रकाश, सेकंड हार्मोनिक, ते कळतं. पुस्तक म्हणतं क्रिस्टलला सममिती केंद्र (ज्या बिंदूभोवती सगळे अणू समोरासमोर उलटवले तरी रचना तीच राहते) असेल तर सेकंड हार्मोनिक मिळत नाही. मग २०१४ मध्ये जपानच्या साक्ला एक्स-रे लेसरवर हिऱ्यातून तो कसा मिळाला? हिऱ्यात तर हे केंद्र आहे, दोन शेजारी कार्बनच्या बरोब्बर मधोमध.

जाळीवाला: नियम बरोबरच आहे रे, पण त्यात एक गोष्ट धरून चाललेली असते, की लाट अणूंच्या मानाने खूप लांब आहे. हिऱ्याचा युनिट सेल, म्हणजे जाळीत पुन्हापुन्हा येणारा घन, ०.३५७ नॅनोमीटरचा, म्हणजे १०६४ च्या एका लाटेत जवळपास तीन हजार सेल बसतात, सगळ्या सेलला फील्ड एकसारखंच. साक्लाचा बीम होता १.७ अँगस्ट्रॉमचा (०.१७ नॅनोमीटर), सेलच्या निम्मा! फील्ड सेलच्या आतच वर-खाली होतं, आणि इलेक्ट्रॉनची घनताही अणूपाशी दाट, मधे विरळ. दाट-विरळ ढग हलला की त्यातून दुप्पट फ्रिक्वेन्सीचा करंट निघतो, शिवाय चुंबकीय फील्डचा धक्का असतोच. यातल्या कशालाच सममिती मोडावी लागत नाही. मला तर हा या विषयातला सगळ्यात सुंदर मुद्दा वाटतो.

बीमलाईन_ताई: पण परिणाम फार म्हणजे फारच क्षीण असतो. मोकळा इलेक्ट्रॉन किती डोलेल ते फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, साक्लाच्या फोटॉनची एनर्जी ७.३ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे तुझ्या लेसरच्या सहा हजार पटीवर फ्रिक्वेन्सी, म्हणजे तेवढ्याच फील्डला डोलणं जवळपास चार कोटी पट कमी. म्हणून तर दर चौरस सेंटिमीटरला १०^१६ वॅटच्या पुढे जावं लागलं. फेज मॅचिंग, म्हणजे मूळ आणि दुप्पट फ्रिक्वेन्सीच्या लाटांचा ताल जुळवणं, केटीपीसारखं बायरिफ्रिंजन्सने (ध्रुवीकरणानुसार वेगळा अपवर्तनांक) नाही होत, क्रिस्टलची जाळीच उरलेला मोमेंटम देते.

एमएस्सी_फिजिक्स: ताई, पण लेसरमधूनच थोडे दुप्पट एनर्जीचे, १४.६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन येत असतील ना? मग हे क्रिस्टलमध्येच तयार झाले हे कशावरून?

बीमलाईन_ताई: येतात ना, तीच तर पार्श्वभूमी. पण सिग्नल तिच्या साधारण दहापट होता, आणि क्रिस्टल फेज मॅचिंगच्या कोनातून जरासा फिरवला की गायब. वर पल्सची एनर्जी दुप्पट केली की सिग्नल चौपट, नुसता परावर्तित झालेला प्रकाश असा वर्गाने वाढत नाही.

जाळीवाला: १९७१ चं आयझेनबर्गर आणि मॅकॉल यांचं कामही बघ, बेरिलियममध्ये एक एक्स-रे फोटॉन फुटून दोन झाले, तेही साध्या ट्यूबवर, कारण त्यात पंप बीमचा (आत सोडलेल्या मूळ बीमचा) एकच फोटॉन लागतो.