खांबाचा नंबर टाकून तक्रार करायची, की हे आपलं कामच नाही?

रोज_पायी: आमच्या कोपऱ्यावरचा दिव्याचा खांब गुलमोहराच्या फांदीत पार गडप झाला होता, दिवा चालू असायचा पण उजेड सगळा पानांवर, खाली मिट्ट काळोख, आणि नेमकं तिथेच फुटपाथवरच्या चेंबरचं झाकण एका बाजूनं खचलेलं. सासूबाई अडखळून पडल्या, मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. मी महापालिकेच्या अ‍ॅपवर दोनदा तक्रार टाकली, दोन्ही वेळा कुणी न येताच "निराकरण झाले" म्हणून बंद. तिसऱ्यांदा खांबावर रंगवलेला नंबर, रात्रीचा फोटो आणि खोली कळावी म्हणून झाकणाशेजारी ठेवलेली चप्पल, असं सगळं टाकलं, तेही वेगवेगळं, फांदी उद्यान विभागाला आणि झाकण ड्रेनेजला, कारण एकाच तक्रारीत दोन्ही कोंबलं की ते एकमेकांकडे ढकलत बसतात. अकराव्या दिवशी फांदी उतरवली, त्याच आठवड्यात झाकण बदललं. म्हणून मनापासून सांगते, प्रत्येकानं आपल्या गल्लीतलं टाकाच.

वॉर्डातला_एक: ताई, सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं, पण मला हे पटत नाही. मालमत्ता कर आपण भरतो, कनिष्ठ अभियंत्याला त्याच रस्त्यांसाठी पगार मिळतो, मग रात्री चप्पल ठेवून फोटो आपण का काढायचे? मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की चालण्याजोगा फुटपाथ हा संविधानाच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हक्क आहे तर तो मागायला अ‍ॅप कशाला लागावं? आणि जास्त टोचतं ते हे, की सोसायटीवाले तक्रारी टाकतात म्हणून पालिकेची माणसं सोसायटीकडेच जातात, आमच्या वस्तीतून कुणी टाकत नाही म्हणून तिथे सगळं ठीक आहे असं धरलं जातं.

साधा_उपाय: एवढं कशाला, कोयता घ्या, फांदी उडवा, विषय संपला.

रोज_पायी: नको हो दादा. परवानगीशिवाय झाड तोडणं, छाटणं 1975 च्या झाडांच्या कायद्यात गुन्हा आहे, आणि वायरीजवळ कोयता चालवून कुणाचा जीव गेला तर?

भाजीबाजार: मी तक्रारीच्या बाजूचा होतो, आता नाही. आमच्याकडे कुणीतरी "फुटपाथवर चालता येत नाही" एवढंच टाकलं. दुसऱ्या दिवशी अतिक्रमणची गाडी आली आणि मेथी विकणाऱ्या मावशींची पाटी, वजनकाटा सगळं उचलून नेलं. विजेची डीपी पेटी तिथेच, दुकानाची वाढवलेली पायरी तिथेच, चढवून लावलेल्या बुलेटी तिथेच, आणि वळणावरचा तो फ्लेक्स पण तिथेच, ज्याच्यामुळे समोरून येणारी रिक्षा अंगावर येईपर्यंत दिसत नाही. फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे, त्यांना जागा नेमून द्यायची जबाबदारी कुणाची? रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या, म्हणजे आयआरसीच्या नियमात चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा आणि फुटपाथची उंची 150 मिलिमीटरच्या आत, आमचा फुटपाथ माझ्या गुडघ्याएवढा, म्हातारी माणसं चढणार कशी? यावर मात्र कधीच कारवाई नाही.

रोज_पायी: मावशींचं वाचून पोटात कालवलं. पण म्हणूनच तर नेमकं लिहायला हवं, "फुटपाथ अडलाय" असं मोघम नाही, "फ्लेक्समुळे वळण दिसत नाही" असं. वॉर्डातले दादा, काम त्यांचंच आहे हे मला शंभर टक्के मान्य, पण ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई हायकोर्टानं खड्ड्यांमुळे, उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलंय. उद्या कुणी म्हणालं आम्हाला माहीतच नव्हतं, तर आधीचा तक्रार क्रमांक दाखवता येतो. तो नसेल तर हातात काय राहतं?

वॉर्डातला_एक: ते ठीक, पण आमच्या मागच्या गल्लीत खांबच नाहीत, शाळेतून आणि शिवणकामावरून येणाऱ्या पोरी मोबाईलच्या उजेडात येतात. नंबर कुठला टाकू?

रोज_पायी: मग खांब नाही हीच तक्रार. गल्लीच्या तोंडाशी शेवटचा जो खांब असेल त्याचा नंबर आणि तिथून पुढे किती पावलं अंधार आहे ते लिहायचं. अ‍ॅपवर नाही, कागदावर, आवक शिक्का घेऊन, आणि त्या पोरींच्या आयांच्या सह्या घेऊन. उद्या साडेसातला येऊ का? पावलं अंधारातच मोजू.

वॉर्डातला_एक: या. मारुतीच्या देवळापाशी थांबतो, टॉर्च आणा.