मिक्सर लावला की २४ व्होल्टचा सोलर इन्व्हर्टर 'लो बॅटरी' दाखवून बंद पडतो

माळावरचं घर:
शेतघरावर लाइन नाही. ३३० वॉटचे दोन पॅनल, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून बॅटरी चार्ज करणारा), १२ व्होल्ट १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीला पुढे दुसरी जोडून) आणि २४ व्होल्टचा इन्व्हर्टर. बॅटऱ्या अडीच वर्षांच्या. संध्याकाळी सहाला मल्टिमीटर २५.४ दाखवतो, पण साडेसातला ७५० वॉटचा मिक्सर सुरू केला की इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद. मिक्सर काढला की मिनिटभरात पुन्हा २४.८. कट-ऑफ (ज्या व्होल्टला इन्व्हर्टर बंद होतो तो) २१ वर आहे. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत १० स्क्वेअर एमएमची वायर, एकेरी ३ मीटर. राउटर, कॅमेरा आणि दोन छोटे दिवे १२ व्होल्टचे, म्हणून ते मायनसकडच्या बॅटरीवरून थेट घेतलेत. प्लसकडच्या बॅटरीत मात्र दर महिन्याला पाणी घालावं लागतं. बॅटऱ्या बदलाव्या का?

ग्रॅव्हिटी १२४०:
थांबा, आत्ता बदलू नका. प्रश्नाच्या आधीच्या दोन वाक्यांतच बराचसा दोष सापडतो.

राउटर, कॅमेरा, दिवे मिळून सरासरी १८ वॉट धरले तरी दीड अँपिअर, म्हणजे दिवसाला ३६ एएच. ते सगळे एकाच बॅटरीतून जातात. चार्जिंगचा करंट मात्र सिरीजमध्ये दोघींना सारखाच मिळतो. कंट्रोलरला फक्त बेरीज दिसते. २८.८ झाले की तो हात आखडता घेतो, तेव्हा प्लसकडची १५.२ वर उकळत असते आणि मायनसकडची १३.६ वर अर्धपोटी. पाणी एकीचंच आटतं ते यामुळे. शिवाय सहा वाजताचा २५.४ हा ऊन उतरताच घेतलेला आकडा, त्यात वरवरचा चार्ज मिसळलेला असतो. त्यावर विसंबू नका.

दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट वेगवेगळे मोजा, आधी लोड नसताना आणि मग ५०० वॉटचा लोड पाच मिनिटं चालवून. बाराही सेलची ग्रॅव्हिटी (आतल्या ॲसिडची घनता, त्यावरून चार्ज कळतो) हायड्रोमीटरने लिहून काढा. पाणी घातल्या घातल्या घेतलेली ग्रॅव्हिटी खोटी येते.

जाड केबल:
वायरही तपासायला हवी. १० स्क्वेअरच्या तांब्याचा रोध मीटरला साधारण १.८ मिलिओहम. जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे ११. मिक्सर चालू असताना ४० अँपिअरला फक्त ०.४ व्होल्ट पडतात, पण मोटर उठताना करंट तिप्पट-चौपट होतो. १५० अँपिअर धरले तर नुसत्या तारेतच १.६ व्होल्ट गेले. इन्व्हर्टर स्वतःच्या टर्मिनलवर मोजतो, त्याला बॅटरीवर काय आहे ते कळत नाही.

तोच ५०० वॉटचा लोड चालू ठेवून मीटर डीसी व्होल्टवर लावा. एक टोक बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटावर (लगवर, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर नव्हे), दुसरं इन्व्हर्टरच्या प्लसवर. मग तसंच मायनसचं. करंट सुमारे २५ अँपिअर असेल, तेव्हा प्रत्येक बाजूला ०.१५ च्या आसपास यायला हवं.

माळावरचं घर:
मोजलं. लोडवर प्लसकडची १२.४, मायनसकडची ११.५. ग्रॅव्हिटी प्लसकडचीच्या सहाही सेलना १.२४० ते १.२४५, मायनसकडचीच्या १.१६५ ते १.१७५. वायर: प्लस ०.१५, मायनस ०.४५.

जाड केबल:
मायनसचा जोड खराब आहे. जादाचे ०.३ व्होल्ट २५ अँपिअरला, म्हणजे १२ मिलिओहम, अख्ख्या तारेपेक्षा जास्त. मोटर उठताना तिथेच पावणेदोन व्होल्ट जातात. खुंट ते लग आणि लग ते तार असं वेगवेगळं मोजलं की नेमकी जागा कळेल. नट कसून भागत नाही, कारण हातोडीने चेपलेल्या लगच्या आत हिरवा गंज धरलेला असतो. ३५ स्क्वेअरची तार आणि हायड्रॉलिक प्रेसने दाबलेले तांब्याचे लग घ्या. प्लसवर बॅटरीजवळच डीसीचा फ्यूज हवा. घरातला एसी एमसीबी तिथे चालत नाही, डीसीची ठिणगी तो विझवू शकत नाही.

ग्रॅव्हिटी १२४०:
मायनसकडचीचे सहाही सेल सारखेच खाली आहेत ही चांगली बातमी आहे. एखादाच सेल १.१०० वर असता तर तो गेला म्हणायचा. इथे बॅटरी नुसती उपाशी आहे, निम्म्याच्या आसपास.

आधी १२ व्होल्टचा टॅप (राउटर-दिव्यांसाठी एकाच बॅटरीवरून घेतलेली जोडणी) काढा. त्याजागी २४ ते १२ व्होल्टचा ५ अँपिअरचा डीसी-डीसी कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर, ५ अँपिअरच्या फ्यूजसह. हे केल्याशिवाय पुढचं सगळं वाया जाईल.

मग पॅनल आधी बंद करून, त्यानंतर कंट्रोलर आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या तारा सोडवा, सिरीजची पट्टी काढा. मायनसकडची बॅटरी लाइन असलेल्या ठिकाणी नेऊन १५ अँपिअरच्या १२ व्होल्ट चार्जरवर १४.४ पर्यंत न्या आणि तासातासाने ग्रॅव्हिटी घ्या. सलग तीन वाचनं सारखी आली की भरली. शेवटी करंट उतरत जातो, त्यामुळे आठ-दहा तास सहज लागतात. दोन्ही बॅटऱ्या एकदम पॅरललला जोडून बरोबरी साधू नका, जोडतानाच मोठी ठिणगी पडते.

जोडताना बॅटरी आधी, पॅनल शेवटी. त्यानंतर कंपनीने दिलेल्या व्होल्टवर (बहुतेक ट्युब्युलरना २४ व्होल्टच्या जोडीत ३० ते ३१) दोन-तीन तास इक्वलायझेशन (मुद्दाम जादा व्होल्टवर चार्ज करून सगळे सेल सारखे करणं) करा, इन्व्हर्टर बंद ठेवून आणि खोलीची खिडकी उघडी ठेवून. डिस्टिल्ड पाणी त्यानंतरच खुणेपर्यंत घाला. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील इतकंच घाला. पाना टेपने गुंडाळलेला, हातातली अंगठी काढलेली, डोळ्यांवर चष्मा. ॲसिड सांडलं तर म्हणून खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जवळ ठेवा. महिनाभराने पुन्हा ग्रॅव्हिटी लिहा. दोन्ही बॅटऱ्यांत ०.०१५ पेक्षा जास्त फरक दिसला तर इथे आकडे टाका.