टोकियोत घर कुठे घ्यावं आणि भूकंपाची तयारी काय करावी? (तयारीचं बजेट ४०,००० येन)

मृण्मयी_प्र
नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली झालीये, एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही तिघं टोकियोला येतोय. लेक सात वर्षांची आहे. त्याचं ऑफिस टोकियोच्या मध्यभागी, ओतेमाचीला. मला जपानी नमस्कार आणि आभार मानण्यापुरतंच येतं.

दोन घरं नजरेत आहेत. एक निशि-कासाई स्टेशनच्या दक्षिणेला सेइशिनचोमध्ये, यूआर या निमसरकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर. इमारत १९८३ ची. दुसरं पार पश्चिमेला ताचिकावाला, दुमजली लाकडी घर, समोर छोटंसं अंगण. भाडं जवळपास सारखंच.

चोरीमारीची भीती नाही, हे सगळेच सांगतात. मला भीती जमिनीची आहे, आणि थोडी पाण्याची. कुठलं घर घ्यावं? आणि तयारीसाठी काय विकत घ्यावं? कृपा करून ४०,००० येनच्या आतलं सांगा. सामान हलवण्यातच बराच पैसा गेलाय.

शिरीष_२२वर्षं
२२ वर्षं इथे आहे, म्हणून सांगतो. भाड्याच्या भानगडीत पडूच नका. आम्ही २०१६ मध्ये योकोहामाला घर बांधलं, भूकंपरोधक श्रेणी ३. म्हणजे कायद्यात जेवढी ताकद सांगितलीये तिच्या दीडपट. परवाचा धक्का आम्हाला कळलासुद्धा नाही.
आणि पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी मोठी बॅटरी, हवंच. मी १ लाख ३० हजारांचं घेतलं, फ्रीज आरामात चालतो. यात काटकसर करू नका.

केतकी_सा
अगं एवढी घाबरू नकोस! माझं पाकीट दोनदा ट्रेनमध्ये राहिलं, दोन्ही वेळा पैशांसकट परत मिळालं. रात्री अकराला एकटी चालत घरी येते मी. पहिल्या महिन्यात सारखी मागे वळून बघायचे, मग एक दिवस लक्षात आलं की ती सवयच गेली.
फक्त रेसिडेन्स कार्ड कायम जवळ ठेव. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी माणसाला ते बंधनकारक आहे, आणि पोलीस खरोखर विचारतात. सकाळच्या गर्दीत महिलांच्या डब्यातूनच जा. ट्रेनमध्ये छेडछाड होते, त्याबद्दल लोक कमी बोलतात.

दर्यावर्दी
सेइशिनचो? एदोगावा वॉर्डात? ताई, आधी वॉर्डाचा पुराचा नकाशा बघा. २०१९ मध्ये त्यांनीच काढलेल्या नकाशाच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापलंय की इथे थांबू नका! वॉर्डाची ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. मोठा पूर आला तर पाणी दोन आठवडेसुद्धा ओसरणार नाही, असं ते स्वतःच म्हणतात.
त्याच वर्षी १२ ऑक्टोबरच्या वादळात आम्ही पोराला घेऊन शाळेच्या जिममध्ये रात्र काढली. खाली निळी ताडपत्री, वर एक ब्लँकेट. त्यानंतर आम्ही वॉर्ड सोडला. ताचिकावाला जा.

अनुजा_कासाई
दर्यावर्दी, नकाशा नीट उघडून बघा. सेइशिनचो आणि रिंकाईचो हे भराव घालून उंच केलेले भाग आहेत. त्या नकाशात ते बुडत नाहीत. उलट बाकीच्यांना सुटका करून घ्यायला जमलं नाही तर त्यांनी इकडे यावं, असं दाखवलंय. वॉर्ड एक असला तरी जमीन एक नाही. मी सात वर्षं इथेच राहते.
शिवाय यूआरला की-मनी (मालकाला द्यायचे, परत न मिळणारे पैसे) नाही, जामीनदार नाही, दलाली नाही, दर दोन वर्षांनी नूतनीकरणाचे पैसे नाहीत. बाहेर घर शोधताना आम्हाला दलालाने नऊ घरं दाखवली. त्यातल्या सहा मालकांनी 'परदेशी नकोत' म्हणून फोनवरच नकार दिला. शेजारी बसून मी ते ऐकलंय. ते विसरता येत नाही.

दर्यावर्दी
भराव म्हणता, मग २०११ च्या भूकंपात पलीकडच्या उरायासू शहरात काय झालं ते आठवा. भरावाची जमीन पातळ होऊन वर आली, मॅनहोल कमरेएवढे उभे राहिले, किती दिवस नळाला पाणी नाही, संडास बंद.

रानवारा
आणि ताचिकावाखालून ताचिकावा नावाचीच प्रस्तरभंग रेषा जाते, ते कोण सांगणार? टोकियोत बिनधोक जमीन कुठे नाही. घराचं वय बघा. १ जून १९८१ नंतर बांधकाम-परवाना मिळालेली इमारत असेल तर भूकंपाच्या ताकदीचा नवा नियम लागू. लाकडी घर असेल तर २००० नंतरचं हवं, तेव्हा नियम आणखी कडक झाले. ताचिकावाचं घर कुठल्या सालातलं?

मृण्मयी_प्र
रानवारा, एजंटला विचारलं. १९९४.

रानवारा
मग ते दोन्हींच्या मधलं. मी घेतलं नसतं. अकरावा मजलाही घेतला नसता. जोराचा धक्का बसला की लिफ्ट आपोआप थांबते आणि तंत्रज्ञ येऊन तपासेपर्यंत सुरू होत नाही. वीज गेली की पंप बंद, म्हणजे नळही बंद. पाणी जिन्याने वर न्यायचं. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचं बघा.

शिरीष_२२वर्षं
म्हणूनच म्हणतोय पॉवर स्टेशन घ्या.

चैत्रगौर
शिरीषदादा, पॉवर स्टेशनने इमारतीचा पंप नाही चालत हो. आणि त्यांनी बजेट सांगितलंय.

केतकी_सा
शाळेचं काय ठरवलंस गं? इथल्या सरकारी शाळेत सहा वर्षांची मुलं एकटी चालत जातात. पिवळी टोपी, पाठीवर ते दप्तर, आणि दप्तराच्या पट्ट्याला ओढला की किंचाळणारा बझर. संध्याकाळी पाचला गल्लीतल्या भोंग्यावर बालगीताची धून वाजते आणि सगळी मुलं घराकडे वळतात. तो भोंगा आपत्तीच्या सूचनांसाठीचा आहे, रोज त्याची चाचणीही होऊन जाते.

बाबा_दोघांचा
सात वर्षांचं मूल एकटं पाठवायचं? आमची मुलं इंडियन स्कूलच्या बसने जातात आणि मी निर्धास्त असतो.

केतकी_सा
बसमध्ये असताना भूकंप झाला तर बस कुठे थांबेल ते तुम्हाला ठाऊक आहे का? चालत जाणाऱ्या मुलांना निदान वाटेवरची 'मुलांसाठी ११०' स्टिकरची घरं माहीत असतात, जिथे कधीही धावत शिरता येतं. माझ्या मुलाला अशी चार घरं पाठ आहेत.

बाबा_दोघांचा
आमच्या बसमध्ये मोठी माणसं असतात. एकट्या मुलापेक्षा ते कधीही बरं. यावर मला वाद नकोय.

कुमुद_काकू
मृण्मयी, बाकीचं सगळं नंतर वाच. आधी मी लिहिते ते वाच.

११ मार्च २०११ ला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी मी शिंजुकूला चौदाव्या मजल्यावर होते. इमारत होडीसारखी हलत होती आणि थांबतच नव्हती. मिनिटामागून मिनिट गेलं. समोरच्या उंच इमारती हलताना डोळ्यांनी दिसत होत्या. नंतर सगळ्या ट्रेन बंद. फोन लागेना. नवरा योकोहामात. लेक चार वर्षांची, निशि-कासाईच्या पाळणाघरात.

मी चालत निघाले. ऑफिसचे बूट, हातात कुणीतरी दिलेला कागदी नकाशा. रस्त्यावर माणसांची नदी, आणि तरी कुणाचाही आवाज नाही. एका दुकानदाराने दारात खुर्ची मांडून 'टॉयलेट वापरा' अशी पाटी लावली होती. पाळणाघरात पोहोचले तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. लेक हेल्मेट घालून एका शिक्षिकेच्या मांडीवर झोपली होती. त्या बाईंचं स्वतःचं मूल घरी होतं.

त्या दिवशी टोकियो आणि आसपासच्या भागात ५१ लाखांहून जास्त लोक घरी पोहोचू शकले नाहीत, असा सरकारी अंदाज आहे. त्यातून टोकियोचा नियम आला, एप्रिल २०१३ पासून लागू आहे. मोठा भूकंप झाला तर कर्मचाऱ्यांना लगेच रस्त्यावर सोडायचं नाही, तीन दिवस ऑफिसातच ठेवता येईल एवढं अन्नपाणी कंपनीने साठवायचं. रस्ते अ‍ॅम्ब्युलन्सना मोकळे राहावेत म्हणून.

म्हणजे तुझा नवरा तीन दिवस येणार नाही, हे धरून चाल. ओतेमाचीतून सेइशिनचो असो की ताचिकावा, तो येणार नाही. तू आणि लेक, दोघीच. तीन दिवस कुणाच्या दारावर टकटक करशील, त्याचं उत्तर ज्या घरात मिळेल ते घर घे.

मृण्मयी_प्र
काकू, हे कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही गृहीत धरलं होतं की तो चालत येईल. आत्ता त्यालाही वाचायला दिलं, तो बराच वेळ गप्प बसला. शाळेतून लेकीला कोण आणणार? मी स्वतः कुठे अडकले तर?

कुमुद_काकू
सरकारी शाळेत मूल असंच सोडत नाहीत. 'हिकिवाताशी' म्हणतात, पालकाच्या हाती सोपवायचं. त्याची दरवर्षी तालीम असते. फॉर्मवर ज्यांची नावं असतील त्यांच्याच ताब्यात देतात, कितीही रात्र होवो. तिथे तुमच्या दोघांशिवाय तिसरं नाव लिही, चालत शाळेत पोहोचू शकेल अशा माणसाचं.

सदाफुली_टोकियो
पाणी साठवा. पाणी सगळ्यात महत्त्वाचं.

चैत्रगौर
बजेटमध्ये बसणारं सांगते, आम्ही हेच केलंय. पाणी माणशी दिवसाला ३ लिटर. सरकार किमान तीन दिवसांचं म्हणतं, जमल्यास आठवड्याचं. तिघांचं आठवड्याचं ६३ लिटर होतं. दोन लिटरच्या सहा बाटल्यांचा खोका मिळतो, असे सहा खोके घे. जुनं पीत जायचं, नवं आणून मागे ठेवायचं.

त्याहून महत्त्वाचे पोर्टेबल टॉयलेट. पिशवी आणि घट्ट करणारी पावडर असते, कमोडवरच लावायची. माणशी दिवसाला पाच धरतात, म्हणजे तिघांना आठवड्याला १०५. धक्क्यानंतर नळाला पाणी असलं तरी फ्लश करू नकोस. खालचा पाइप फुटला असेल तर तुमचं सगळं खालच्यांच्या घरात येतं. उंच इमारतीत हे पहिलं पथ्य.

सदाफुली_टोकियो
बरोबर, पाणी आणि टॉयलेट.

ठोकळा_इंजिनियर
कपाटांबद्दल कुणी बोलेना. टोकियो अग्निशमन विभागाच्या म्हणण्यानुसार अलीकडच्या भूकंपांत ३० ते ५० टक्के माणसं घरातलं सामान पडून, सरकून जखमी झाली. कपाट आणि छत यांच्यामध्ये टेकूचे दांडे लावा. ते कपाटाच्या पुढच्या कडेला नको, भिंतीच्या बाजूला लावायचे, आणि पुढच्या पायांखाली पाचर. टीव्हीखाली जेलचे तुकडे. भिंतीला भोक पडत नाही, त्यामुळे भाड्याच्या घरात चालतं. झोपायच्या खोलीत उंच कपाट ठेवूच नका, हे फुकट आहे.
दुसरं, घरासोबत जो आगीचा विमा घ्यायला लावतात त्यात भूकंपामुळे लागलेली आग धरत नाहीत. त्यासाठी भूकंप विमा वेगळा जोडावा लागतो, आणि तो मूळ रकमेच्या ३० ते ५० टक्क्यांपर्यंतच मिळतो. आमच्या एजंटने हे सांगितलं नव्हतं. सही करून दोन वर्षांनी कळलं.

केतकी_सा
आणि १७१! हा निरोप ठेवायचा नंबर आहे. फोन लागत नसतात तेव्हा १७१ वर आवाज रेकॉर्ड करायचा, नवरा ऐकू शकतो. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला सराव करता येतो. पोलीस ११०, आग आणि अ‍ॅम्ब्युलन्स ११९. पत्ता जपानीत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर चिकटव, घाबरल्यावर स्वतःचा पत्ता तोंडात येत नाही. तिकडून आणलेल्या फोनवर भूकंपाची सूचना कधी कधी येत नाही, म्हणून 'सेफ्टी टिप्स' अ‍ॅप टाकून ठेव.

दर्यावर्दी
माझं मत अजूनही तेच आहे. पाण्याजवळ राहू नका.

रानवारा
आणि अकरावा मजला नकोच.

मृण्मयी_प्र
सगळ्यांचे मनापासून आभार. चार रात्री हा धागा घेऊन बसलो होतो. आम्ही अकरावा मजलाच घेतोय.

दर्यावर्दी, रानवारा, तुमची भीती खोटी नाही हे कळतंय. खालचा मजला यूआरकडे मागितला होता, तिथे रिकामा नाही. पण ताचिकावाला मी एकाही माणसाला ओळखत नाही आणि मला भाषा येत नाही. इकडे काल अनुजाताईंनी फोन केला. त्या त्याच इमारतीत नवव्या मजल्यावर राहतात, दिवसभर घरून काम करतात. शाळेच्या फॉर्मवर तिसरं नाव त्यांचं लिहायचं ठरलंय, आणि त्यांच्या मुलाच्या फॉर्मवर माझं.

यादी अशी केलीये: टॉयलेट १०५, पाण्याचे सहा खोके, दोन कपाटांना टेकू, जेल, कपाळाला बांधायचे तीन दिवे, गॅसच्या छोट्या कॅनवर चालणारी शेगडी, प्रत्येकाच्या उशाशी जुने बूट. काच फुटली तर बूट हाताशी हवेत, असं अनुजाताई म्हणाल्या. ४०,००० च्या आत बसतंय. शिरीषदादा, पॉवर स्टेशन पुढच्या वर्षी बघू.

अनुजाताई, किल्ली ५ एप्रिलला मिळेल. तोवर पाण्याचे खोके तुमच्याकडे उतरवले तर चालेल? नंतर आम्ही गॅलरीत ठेवू.

अनुजा_कासाई
खुशाल उतरव. पण वर नेल्यावर गॅलरीत ठेवू नकोस गं. तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या गॅलरीच्या मध्ये पातळ फळीचा आडोसा आहे, त्यावर लिहिलंय की संकटात हा फोडून पलीकडे जा. त्याच्यापुढे दोन्ही बाजूंनी काही ठेवायचं नसतं. खोके पलंगाखाली मावतील, मी मोजून बघते.