बुरशी जोरात, विष शून्य!! मक्याच्या प्रोजेक्टवाले कुणी आहेत का इथे

स्पोअरवाली:
लोकहो, डोकं चक्रावलंय. अस्परजिलस फ्लेव्हस (मक्यावर येणारी बुरशी), एकाच प्लेटवरचे स्पोअर (बीजाणू), दोन फ्लास्क, दोन्ही २८ डिग्रीला ७ दिवस. एकात पेप्टोन (अर्धवट पचवलेली प्रथिनं) आणि क्षार, दुसऱ्यात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि १५ टक्के साखर. पेप्टोनवाल्यात बुरशी इतकी जाड की चिमट्याने उचलली तर अख्खी गोधडीच वर येते, पण टीएलसी प्लेट (अर्कातले घटक वेगळे करून दाखवणारी) यूव्हीखाली धरली तर त्या रांगेत काळोख आणि साखरवाल्या रांगेत निळा ठिपका नुसता लखलखतोय. मला वाटायचं जितकी बुरशी तितकं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे तिचं विष. कुठे माती खाल्ली मी? आणि पुढे मक्याचे दाणे घ्यायचेत, तिथेही असंच होणार का

जुना_पेट्री:
माती नाही खाल्लीस गं, हे असंच होतं. वाढायला काहीही चालतं, विष बनवायला मात्र साखर लागते, ग्लुकोज सुक्रोज माल्टोज यातलं काहीतरी. नुसत्या पेप्टोनवर बुरशी फोफावते पण विषाचे जीन झोपलेलेच राहतात. खात्री करायची तर तीच गोधडी धुऊन ग्लुकोजच्या मीडियात (बुरशी वाढवायच्या खाद्यद्रावात) टाक, ठिपका दिसायला लागेल.
नायट्रोजन कुठल्या रूपात देतेस तेही बघ. अमोनियम दिलं की बुरशी ते ओढून घेते आणि मीडिया आंबट होतो, आंबटपणा अफ्लाटॉक्सिनला मानवतो. नायट्रेटवर उलट पीएच चढतो आणि बहुतेक वेळा विष घटतं, पण बुरशीचे सगळे स्ट्रेन (वाण) सारखे वागत नाहीत हां. झापेक नावाच्या तयार मीडियात नायट्रेटच असतं, तेव्हा तो मीडिया निवडलास तर आधी विचार कर. जस्त विसरू नकोस, ते नसेल तर विष नीट बनत नाही.

फ्युजॅरियमप्रेमी:
वरचं सगळं अस्परजिलससाठी बरं का, फ्युमोनिसिनचं (मक्यावरच्या दुसऱ्या बुरशीचं विष) गणित वेगळं आहे. ती बुरशी म्हणजे फ्युजॅरियम व्हर्टिसिलिऑइडिस, तिला अमोनियम भरपूर दिलं तर फ्युमोनिसिन दबतं, नायट्रोजन संपत आला की मग सुरू. दाण्याचं वयही मोजतं. अगदी कोवळ्या, पाणीदार दाण्यावर बुरशी मजेत वाढते पण फ्युमोनिसिन नावालाच, दाण्यात स्टार्च भरून वर खळगा पडला की विष दणक्यात. स्टार्चमधल्या अमायलोपेक्टिन या घटकाचा हात आहे त्यात. त्यामुळे कणीस कुठल्या अवस्थेतलं घेतलंस ते वहीत लिही, नाहीतर नंतर आकडे जुळवत बसशील.

काळी_माती:
मग शेतात युरिया जास्त टाकला तर अफ्लाटॉक्सिन वाढेल की कमी होईल?

जुना_पेट्री:
@काळी_माती फ्लास्कवरून शेताचं ठरवू नका राव. शेतात युरिया बुरशी खात नाही, झाड खातं. नायट्रोजनला उपाशी असलेलं झाड, त्यात दाणे भरताना पाण्याचा ताण आणि ऊन, अशा पिकात अफ्लाटॉक्सिन जास्त सापडतं. म्हणून पिकाला लागेल तेवढं खत द्या, वरून आणखी गोणी ओतून काही ते कमी होणार नाही. आणि दाणा १३-१४ टक्के ओलाव्याच्या खाली वाळवला नाही तर आधीची मेहनत पाण्यात.
@स्पोअरवाली दाण्यात अंकुराचा भाग वेगळा काढून तपास, फ्लेव्हसचं विष तिथे जास्त साठतं.

स्पोअरवाली:
ओके, उद्याच गोधडी धुते. पीएच मी फक्त शेवटच्या दिवशी मोजला होता 🤦 आता रोज मोजते. अंकुर सोलायला ब्लेडच बरं का, की भिजवून नखाने निघतो?