आनुवंशिक मेंदूविकारांवर संशोधन : सुरुवात कोठून करावी?

कळव्याची_मुक्ता : नमस्कार. मी यंदा जीवतंत्रज्ञानात एम.एस्सी. पूर्ण केले. माझ्या मामांचा तोल गेली सहा वर्षे ढळत चालला आहे आणि त्यांचे हातही थरथरतात. आजोबांनाही असेच होत असे. डॉक्टरांना लहान मेंदूच्या आनुवंशिक विकाराची शंका आहे. मला अशाच विकारांवर संशोधन करायचे आहे. पीएच.डी. प्रवेशाच्या तयारीसाठी माझ्याजवळ एक वर्ष आणि साठ हजार रुपये आहेत, त्याहून अधिक नाहीत. शिकवणी लावावी, की एखाद्या प्रकल्पात काम धरावे?

पामबीच_प्रवासी : साठ हजारांत काय होणार? आम्ही मुलाला जर्मनीला पाठवले. व्हिसासाठी दहा लाखांहून अधिक रक्कम खात्यात अडकवून ठेवावी लागली, परंतु आज त्याचे उत्तम चालले आहे. कर्ज काढा आणि जा.

बेलापूरकर_७१ : परदेश कशाला? खारघरला ॲक्ट्रेक आहे. माझी पुतणी तेथेच शिकली आणि घरचा डबा खाऊन तिने पीएच.डी. केली.

खाडीकाठी : ॲक्ट्रेक ही कर्करोगाची संस्था आहे आणि मुक्ताताईंचा विषय मेंदूविकारांचा आहे. त्यासाठी बंगळुरूचे निम्हान्स व एनसीबीएस, हरियाणातील मानेसरचे एनबीआरसी आणि दिल्लीचे आयजीआयबी या संस्था पाहाव्यात. एससीए१२ या लहान मेंदूच्या आनुवंशिक विकाराची पहिली नोंद १९९९ मध्ये जर्मन वंशाच्या एका अमेरिकी कुटुंबात झाली. पुढे तो भारतात, विशेषतः अग्रवाल समाजात, बराच आढळला आणि त्यावर आयजीआयबीने पुष्कळ काम केले. मुंबईतच राहायचे असेल तर कुलाब्याच्या टीआयएफआर या संस्थेत मज्जासंस्थेवर संशोधन चालते.

बेलापूरकर_७१ : ठाण्याहून कुलाब्याला रोज जाऊन दाखवा, मग बोलू.

डीएम_व्हायचे_राहिले : या विषयात एम.डी., डी.एम. या डॉक्टरी पदव्या घेतल्याशिवाय कोणी विचारत नाही. मी स्वतः भोगले आहे.

खाडीकाठी : तसे नाही. नॅन्सी वेक्सलर या मूळच्या मानसशास्त्रज्ञ, आणि त्यांच्या आईला हंटिंग्टनचा विकार, म्हणजे एक आनुवंशिक मेंदूविकार, होता. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांच्या वंशावळी आणि रक्ताचे नमुने त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केले. त्याच्याच आधारे १९८३ मध्ये त्या विकाराच्या जनुकाची जागा दाखवणारी खूण चौथ्या गुणसूत्रावर सापडली. प्रत्यक्ष जनुक हाती यायला मात्र १९९३ उजाडले. खूण आणि जनुक यांच्यात दहा वर्षे गेली, हे करिअर निवडणाऱ्याने लक्षात ठेवावे.

वाशी_सेक्टर_सतरा : माझा अनुभव वेगळा आहे. वडिलांच्या अशाच त्रासासाठी आम्ही एक्सोम तपासणी, म्हणजे जनुकांतील प्रथिने घडवणारे भाग वाचणारी तपासणी, करून घेतली. अहवाल निर्दोष आला आणि दोन वर्षे आम्ही निर्धास्त राहिलो. पुढे दुसऱ्या तज्ज्ञांनी समजावले की यांतील अनेक विकारांत जनुकातील सीएजी ही तीन अक्षरे गरजेपेक्षा जास्त वेळा पुन्हापुन्हा येतात. हंटिंग्टनमध्ये चाळीस वा अधिक वेळा आली तर विकार होतोच. एक्सोम तपासणी जनुक लहान तुकड्यांत वाचते, त्यामुळे ही लांबी तिच्या हातून सहज निसटते. ती स्वतंत्रपणे मोजल्यावरच निदान झाले. प्रयोगशाळा निवडताना तेथे ही मोजणी शिकायला मिळते का, हे आधी विचारा. आणि समुपदेशकाशी बोलल्याशिवाय स्वतःची तपासणी करू नका; मी घाई केली होती.

पामबीच_प्रवासी : आम्ही घरपोच डीएनए संच मागवला होता. लाळ दिली, महिन्यात सगळे कळले.

वाशी_सेक्टर_सतरा : साहेब, वर काय लिहिले आहे ते एकदा वाचा.

नेट_दोनदा : नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्या. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची पाठ्यवृत्ती, मिळाल्यास महिना ३७,००० रुपये मिळतात आणि दोन वर्षांनी ४२,००० होतात. माझी पाठ्यवृत्ती एकदा आठ महिने रखडली होती आणि मित्रांच्या उसनवारीवर दिवस काढले, हेही सांगून ठेवतो. तरीही नेटच. शिकवणीवर पैसे घालवू नका, आणि आधी प्रकल्पात शिरलात तर अभ्यास होणार नाही.

घोडबंदरवासी : हेच म्हणतो. आधी नेट द्यावी.

कळव्याची_मुक्ता : सर्वांचे आभार. मात्र मी एका रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागातील प्रकल्पाला होकार कळवला आहे. मानधन बेताचे असून काम रुग्णांच्या कुटुंबांची वंशावळ लिहून घेण्याचे आणि नमुने नोंदवण्याचे आहे. तेथे सीएजीची लांबी मोजतात, हे विचारून घेतले. मामांची तपासणी त्यांच्या संमतीने होईल. आईची आणि माझी तूर्त नाही. नेटचा अभ्यास लोकलमध्ये करीन. कोणाकडे जीवशास्त्राची जुनी पुस्तके असल्यास कृपया कळवावे, रविवारी ठाणे स्थानकावर येऊन घेऊन जाईन.